आईसाठी फोन बघायला गेलो तेव्हा

आई मोरीत साबणावरून घसरून पडली. तिने मला फोन केला आणि म्हणाली, "पडले गं मी." मला ऐकू आलं, "पडलं गं पाणी." मी म्हणाले, "बरं झालं!"

आई राहते त्या सोयगावात आठ-दहा दिवस पावसाने ओढ दिली होती. संध्याकाळी सातच्या फोनवर आई रोज तेच सांगायची. कपाशी माना टाकतीय, विहिरीचा तळ दिसायला लागलाय. त्यामुळे पाणी पडलं असेल असं मला वाटलं तर त्यात नवल नव्हतं. निदान मी स्वतःला तसं समजावलं. "बरं झालं" म्हटल्यावर मी आणखी दोन-तीन वाक्यं बोलले असेन आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत, मी शिकवते त्या शाळेत, आईच्या शेजारच्या काकूंचा फोन आला. आईचा उजवा हात कोपरापर्यंत सुजलाय, रात्रभर ती बसून होती. "तुला तिने काल सांगितलं म्हणते," काकू म्हणाल्या. त्यांच्या आवाजात प्रश्न नव्हता, निकाल होता.

माझा धाकटा भाऊ वाळूजला कंपनीत आहे. त्याने रजा टाकली, आम्ही गाडी काढली आणि आईला घेऊन आलो. येताना फर्दापूरला चहाला थांबलो. आई डाव्या हाताने कप धरून बसली होती, उजवा ओढणीत बांधलेला. मी विचारलं, "आई, तू परत फोन का नाही केलास?"

"तू म्हणलीस, बरं झालं," ती म्हणाली. "मग काय बोलायचं?"

ती चिडून बोलली असती तर बरं वाटलं असतं. तिने ते दुधाचा भाव सांगावा तसं सांगितलं. मी कप खाली ठेवला. भाऊ मात्र लगेच बोलला, "त्या फोनचंच हे. डबडा झालाय तो. किती महिने आई म्हणतीय, ऐकू येत नाय, ऐकू येत नाय." मीही मान हलवली. आम्हाला दोघांनाही कुणीतरी गुन्हेगार हवा होता आणि तो आईच्या पिशवीत, रुमालात गुंडाळलेला सापडला.

मनगटाला प्लास्टर बसलं. आई माझ्याकडे शहरात, सिडकोत राहिली. त्या रविवारी आम्ही तिघं फोन घ्यायला निघालो. निघताना भाऊ म्हणाला, "ताई, एक डोकं लढवलंय. नवा मी घेतो. माझा आहे तो आईला देऊ. चांगला चालतोय, काचेला एवढा कोपऱ्यात तडा आहे फक्त. आईला काय करायचीय स्क्रीन?"

आई मागच्या सीटवर होती. तिने ऐकलं की नाही, कळलं नाही. माझा भाऊ वाईट माणूस नाही. तिच्या औषधांकडे तोच बघतो. पण त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर जो उदारपणा पसरला होता, तो बघून मला शिसारी आली. आणि मी काही बोलले नाही, याचीही.

जालना रोडवरचं ते दुकान म्हणजे नुसता काचेचा डबा. आत इतकी थंडी की आईने पदर खांद्यावरून ओढून घेतला. लांब टेबलांवर फोन ओळीने मांडलेले, प्रत्येक साखळीने बांधलेला. सगळ्यांच्या स्क्रीनवर एकच पोपट उडत होता. पोपट, मग धबधबा, मग कापलेलं कलिंगड, मग पुन्हा पोपट. रंग इतके गडद की ते कलिंगड बघून तोंडाला पाणी सुटण्याऐवजी कसंतरीच झालं. आणि त्या पोपटावर, त्या कलिंगडावर बोटांचे तेलकट ठसे. दिवसभरात किती जणांनी काय काय खाऊन ते चाचपले असतील कोण जाणे. एकावर तर वाळलेल्या चटणीचा डाग होता. मी हात पाठीमागे बांधून घेतले.

कंपनीचा टी-शर्ट घातलेली एक बाई आली आणि दोन फोन शेजारी शेजारी धरून सुरू झाली. हा बघा, ह्यात काळा रंग खरा काळा दिसतो. हा बघा, ह्यात बोट फिरवलं की कसं लोण्यासारखं सरकतं. उन्हात हा दिसतो, तो दिसत नाही. भाऊ वाकून वाकून बघत होता. दोन्हीतले पोपट त्याने तीनदा उडवून पाहिले.

मी विचारलं, "कॉल करून बघता येईल का?"

"ह्यात सिम नसतं, मॅडम."

"आमचं सिम घालू."

"डेमोचा आहे ना तो. आणि नवी पेटी फोडली की घ्यावाच लागतो." मग समजूत काढल्यासारखं म्हणाली, "आवाज सगळ्यांचा सारखाच असतो, मॅडम. त्यात बघण्यासारखं काय असतं?"

"आम्हाला आवाजासाठीच घ्यायचाय. ह्यांना नीट ऐकू येत नाही."

"मग हा मोठ्या स्क्रीनचा घ्या. आजींना व्हिडिओ कॉल करत जा. आता साधा कॉल कोण करतं?"

मी करते, असं म्हणायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात तिने "आजी, इकडे बघा" म्हणून आईचा फोटो काढला आणि आम्हाला दाखवला. फोटोतल्या बाईला एकही सुरकुती नव्हती. गाल गुळगुळीत, ओठ गुलाबी. आईच्या कपाळावर आणि हनुवटीवर लहानपणी काढलेलं गोंदण आहे, हिरवे ठिपके. ते फोनने पुसून टाकलं होतं. डाग समजला असणार.

आईने फोटो जवळ घेऊन पाहिला. "ही कोण बाई?"

विकणारी हसली, भाऊ हसला. "आई, तूच की! बघ किती तरणी दिसतीस."

"मेल्यावर पुसत नाय ते," आई म्हणाली, "अन् ह्यांनी पुसलं." तिने फोन टेबलावर ठेवला आणि बोटं लुगड्याला पुसली. मला तिथून पळत सुटावंसं वाटलं. भावाला म्हटलं, तुला थांबायचं तर थांब, मी आईला घेऊन शहागंजच्या जुन्या बाजारात जाते. तो मागे वळून वळून बघत आमच्याबरोबर आला.

शहागंजमध्ये दोन दुकानं पालथी घातली. तिथेही पोपटच. तिसऱ्या दुकानदाराने निदान खरं सांगितलं. आवाजाचं मला काही माहीत नाही, बाई, लोक विचारतच नाहीत, म्हणाला, आणि समोरच्या बोळातल्या दुरुस्तीवाल्याकडे बोट दाखवलं.

तो दुरुस्तीवाला पन्नाशीचा, डोळ्याला भिंग लावून बसलेला. टपरी एवढीशी, पण पुढे एक स्टूल होतं आणि त्याने आधी आईला बसवलं. मी सांगितलं, नवा फोन घ्यायचाय, आवाज चांगला असलेला.

"नया काहे कू?" तो म्हणाला. "पैले अम्मा का फोन तो देखने देव."

भाऊ म्हणाला, "वो नक्को, भाई. भंगार हुआ वो. ये मेरा देना है अम्मा कू."

"तो दोनों देखेंगे," तो म्हणाला. मला त्याने रस्ता ओलांडून फळांच्या गाड्यांपाशी जायला सांगितलं. तिथून फोन करायचा, काहीतरी बोलायचं आणि आईने जे ऐकू येईल ते मोठ्याने म्हणायचं. इतकी साधी गोष्ट. सकाळपासून कुणाला सुचली नव्हती.

आईच्या जुन्या फोनवर मी म्हणाले, सीताफळ, पेरू, डाळिंब. परत आले तर आईने एक पेरू तेवढा ऐकला होता. मग आईचं सिम भावाच्या फोनमध्ये घातलं. पुन्हा गेले, पुन्हा तीच फळं, क्रम बदलून. आई म्हणाली, "डब्यात बसून बोलल्यावानी येतंय. खरखर लई." दुरुस्तीवाल्याने भावाकडे पाहिलं. "पानी में गिरा था क्या?" पडला होता. मागच्या उन्हाळ्यात, कूलरच्या टाकीत. तोच फोन भाऊ आईला देणार होता.

मग त्या माणसाने आईचा फोन हातात घेतला. काच लखलखीत होती. आई रोज पदराने पुसते. त्याने भिंगाखाली वरची फट पाहिली, जिथे कान लावतात ती, नखाएवढी जाळी. दोन थेंब कसलं तरी औषध टाकलं, सुईने टोकरलं आणि जे निघालं ते पांढऱ्या कागदावर ठेवलं.

काळपट, तेलकट, मऊ असा तो गोळा होता. ज्वारीचं पीठ, खोबरेल, कानातला मळ, पावडर, सगळं एकजीव झालेलं. भाऊ "ई" म्हणून बाजूला झाला. मीही मागे सरकले. आई शरमून म्हणाली, "रोज पुसते रे मी."

"काच पुसती, अम्मा," तो म्हणाला. "इसकू कोन देखता?"

दर दिवाळीला, दर उन्हाळ्यात मी तो फोन हातात घेतला होता. त्यातले नको असलेले फोटो काढून टाकले होते, अक्षर मोठं करून दिलं होतं, मागचं चित्र बदललं होतं. एकदाही कानाला लावला नव्हता. भाकरी थापता थापता ती माझा फोन उचलायची, त्याच हाताने. तो गोळा माझ्याच फोनांनी साठलेला होता. आणि मला त्याचीच किळस येत होती.

सिम परत आईच्या फोनमध्ये घातल्यावर तिसऱ्यांदा मी रस्ता ओलांडला. फळं म्हटली, भाज्या म्हटल्या, मनात येईल ते म्हटलं. परत आले तेव्हा आई खुशीत होती. "समदं आलं. अन् मोसंबी तू म्हणलीस का?"

मी मोसंबी म्हटलंच नव्हतं. माझ्या मागचा गाडीवाला ओरडत होता.

मला सुटल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, "म्हणजे एवढ्यासाठी आमचा घोटाळा झाला. मला हिचं बोलणंही वेगळंच ऐकू यायचं."

दुरुस्तीवाल्याने भिंग कपाळावर सरकवलं. "नै, बाजी. वो जाली सुनने की थी. बोलने का माइक नीचे है, वो तो एकदम साफ है. अम्मा की आवाज तो पैले से बराबर जाती थी."

भावाचं लक्ष नव्हतं. आईचं होतं की नाही, मी बघितलं नाही. बघवलं नाही.

आई पडली त्या संध्याकाळी मी काय करत होते ते मला नीट आठवत होतं. वह्या तपासायच्या होत्या, त्या पुढ्यात होत्या, पण तपासत नव्हते. आईचा फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला होता आणि लॅपटॉपवर साड्या बघत होते. रंग किती खरे दिसतात, ते बघत होते. आणि आणखी एक सांगायचं तर, गेल्या वर्षभरात कितीदा तरी मी "आई, आवाज येत नाही, ठेवते" म्हणून फोन ठेवला होता. आवाज येत असायचा. स्वच्छ यायचा.

भावाने त्याच आठवड्यात पोपटवाला फोन घेतला, स्वतःसाठी. तडा गेलेला दुकानात बदल्यात दिला. आईला दाखवायला आला, तिने छान आहे म्हटलं.

प्लास्टर निघेपर्यंत आई माझ्याकडेच होती. एका दुपारी ती डाव्या हाताने शेंगा सोलत बसलेली, मी शेजारी. मी सांगून टाकलं. "आई, त्या दिवशी फोन चांगला होता. माझं लक्ष नव्हतं."

"व्हय," ती म्हणाली. हात थांबला नाही. "तू हं हं म्हणतीस तवा कळतं मला. नीट ऐकू आलं नाय तरी कळतं."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"काय बोलायचं? कामं असत्यात तुला."

मला वाटलं होतं, सांगितल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. तिने मला सोडून दिलं होतं, आणि ते सोडून देणं इतकं सवयीचं होतं की त्यात माफीसुद्धा नव्हती. मी शेंगांची टरफलं गोळा करून बाहेर टाकून आले आणि मोरीत उगाचच हात धूत राहिले.

आता ती सोयगावात आहे. हात बराचसा चालतो. सातला मी फोन घेऊन गच्चीत जाते, कानाला लावते आणि उभी राहते. तिच्या बोलण्यात शेजारच्या शेळीचं दुखणं असतं, नळाचं पाणी असतं, कुणाच्या तरी सुनेचं बाळंतपण असतं. खरं सांगायचं तर कंटाळा येतो. पाचव्या मिनिटाला पाय खाली जिन्याकडे वळतात. मी ते वळू देत नाही आणि वळतात म्हणून स्वतःवरच चरफडते.

परवा ती शेळीचं सांगत होती, तर मी विचारलं, "मग करडांना दूध कोण पाजतं?"

पलीकडे आई थांबली. इतका वेळ थांबली की मला वाटलं, फोन कटला.

मग म्हणाली, "तुला आज काय काम नाय का?"