राउटरला शिशाचा एप्रन

माझे धाकटे दीर जन्मभर इस्पितळात एक्स-रे काढत होते. "हलू नका" आणि "श्वास रोखा" ही दोन वाक्यं त्यांच्या जिभेवर अशी बसली, की स्वतःच्या लग्नात फोटोवाल्याच्या आधी तेच ओरडले. सगळ्या फोटोंत वऱ्हाड गाल फुगवून उभं आहे.

परवा त्यांचा फोन आला. "वहिनी, आत्ता या. नात आठवड्याची झाली, अजून तोंड पाहिलं नाही. व्हिडिओ लावला की नुसतं चाक फिरतंय."

मी गेले. "राउटर कुठाय, भावजी?"

जावेनं मुकाट्यानं फळीकडे बोट दाखवलं. पिठाच्या स्टीलच्या डब्यात राउटर, आणि वर इस्पितळानं मोडीत काढलेला शिशाचा एप्रन!

"घरात किरणं सोडायची, मग आडोसा नको?"

"आणि माझं पीठ आठवडाभर परातीत उघडं," जाऊ म्हणाली.

मी त्यांना गच्चीवर नेलं. कपड्यांच्या दोरीचं एक टोक सोडून त्यांच्या हातात दिलं. "हळू हलवा." लांबलचक, सुस्त लाट गेली. "आता भराभर." लाटा आखूड झाल्या, भावजींना धाप लागली आणि वाळत घातलेला टॉवेल जावेच्या डोक्यावर पडला.

"आखूड लाटेला जोर जास्त. तो तुमचा एक्स-रे, हाडांपर्यंत जाणारा. वायफायची लाट लांब, ती पहिल्यासारखी. दिव्याचा उजेड या दोघींच्या मधे. घराणं एकच, स्वभाव वेगळे."

"मग ही सुस्त लाट पोचते कधी?"

"हवेत सगळ्या सारख्याच वेगानं धावतात. पण स्टीलच्या डब्यातून बाहेर कशी पडणार बिचारी? आणि तुमच्या उशाशी रेडिओ असतो, त्याच्या लाटा तर हिच्याहून लांब."

"म्हणजे रेडिओ हिचा काका?"

"थोरला काका. त्याला घातलात कधी एप्रन?"

भावजी जिन्याकडे वळले. मग खाली येऊन, बाळाचं झबलं काढावं तसा त्यांनी अलगद एप्रन काढला, राउटर टेबलावर मांडला. चाक थांबलं. पडद्यावर नात उगवली, मुठी झाडत.

"हलू नकोस! श्वास—"

"अहो!" जाऊ किंचाळली.

भावजींनी जीभ चावली आणि घाईघाईनं फोटो टिपला. हललेली फिल्म या माणसानं नोकरीत कधी पुढे जाऊ दिली नाही, पेशंटला परत झोपवायचे. आता भिंतीवर हाच फोटो आहे. त्यात नातीला तीन हात दिसतात. कुणी हसलं, तर भावजी म्हणतात, "ताकद बघा पोरीची!"