लंडन, दिवेलागणीच्या आत

आमच्या बिदरजवळच्या कमठाण्याच्या घरात एक नियम आहे. मुलगी अशाच ठिकाणी द्यायची, की न्याहारी करून निघालेला बाप दिवेलागणीच्या आत तिच्या दारात पोचला पाहिजे. आजोबा मेंढरं घेऊन पायी फिरायचे, तेव्हापासूनचा हा नियम. मेंढरं गेली, नियम राहिला.

मला सांगून आलेला मुलगा भालकीकडचाच, पण नोकरीला लंडनमध्ये. आमचं दोनदा बोलणं झालं होतं. तो मला पसंत होता आणि तसं मी घरात सरळ सांगितलं होतं. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. बी.एस्सी. झाले ती तोंड मिटून बसायला नाही.

संध्याकाळी सगळे अंगणात बसले. काकांनीच सुरुवात केली.

"किती तास लागतेत गं विमानाला?"

"हैदराबादहून सरळ गेलं तर दहा."

"संपलं. दिवे लागलेच."

"न्हाई लागत, काका. सकाळी साडेसातला सुटतंय आन् तिथं दुपारी बाराला उतरतंय."

"दहा तास उडून साडेचार तासात पोचतंय? कुठं मिळाली गं तुला डिग्री?"

मी चुलीपुढून ज्वारीच्या पिठाचा गोळा आणला, मोबाईलची बॅटरी लावली आणि विमान सूर्याच्या मागं मागं कसं पळतं ते दाखवलं. तिथली घड्याळं साडेपाच तास मागं, हेही सांगितलं. माझे वडील, अप्पा, वाकून बघत होते. म्हणाले, "म्हंजे दिवसच संगं चालतोय."

"पण हैदराबादला आदल्या दिशी जावं लागंल की," काका काही सोडेनात.

"मावशीकडं राहायचं," मी म्हणाले.

"सोयऱ्याच्या दारातला मुक्काम मोजत न्हाईत," अप्पांनी निकाल दिला.

माहेरी आलेली माझी थोरली बहीण, अक्का, आता पुढं सरकली. तिला आळंद तालुक्यात दिलेली. बिदर, हुमनाबाद, कलबुर्गी, आळंद अशा गाड्या बदलायच्या आणि शेवटी फाट्यावरून पायी.

"मागल्या बारीला अप्पाला माझ्या दारात यायला आठ वाजले," ती म्हणाली. "मग मी तर लंडनच्या पल्याड हाय की! मला कामून दिलात?"

काकांना एकदम तहान लागली.

पाणी पिऊन ते परत आले, तोवर अप्पांनी मला विचारलं, "आन् येताना?"

इथं खोटं बोलता आलं असतं. "दुपारी तिथून निघालं, तर इथं दुसऱ्या दिवशीची पहाट."

"बघा!" काका उभेच राहिले. "जायला एक दिस, यायला दोन. मोडला का न्हाई नियम?"

अप्पांनी तो गोळा जवळ ओढला. लंडनच्या बाजूला मुंग्या लागल्या होत्या.

"नियम जायाचा हाय," ते म्हणाले. "पोरीचा निरोप आला तर बाप त्याच दिशी पोचावा म्हणून. येताना कशाची घाई?"

मी उठायला लागले, तसं त्यांनी हात धरून बसवलं.

"थांब. पाव्हण्याला व्हय म्हणायच्या आधी माझा पासपोर्ट काढ. निरोप आल्यावर कागद करत बसू का मी?"

पासपोर्ट निघाला, लग्नही झालं. व्हिसा मिळायला किती दिवस लागतात, हे मात्र अप्पांनी कधी विचारलं नाही. आणि त्या एका बाबतीत मीही तोंड मिटून बसले.