मी साक्ष दिली तो रविवार

आमच्या प्रार्थनेच्या शेडमध्ये साक्ष द्यायची पद्धत आहे. गाणी संपली की एखादा उठतो, पत्र्याखालच्या उकाड्यात माइक हातात घेतो आणि आपलं पाप सगळ्यांसमोर सांगतो. लोक ‘आमेन’ म्हणतात. मी झरीच्या शाळेत मास्तर. बोलायला कधी लाजलो नाही. तरी चार वर्षं माझा हात वर गेला नाही, कारण जिच्याविषयी सांगायचं ती माझी धाकटी बहीण बायकांच्या बाजूला पुढच्याच सतरंजीवर बसायची. मला तिथे आणलं होतं तिनेच.

पाप असं. तिच्यासाठी राणीसावरगावचं स्थळ आलं होतं, पसंतीही झाली होती. आईला लकवा झालेला, मी आणि बायको दोघं नोकरीला. बहीण सासरी गेली तर आईचं करणार कोण? मी मुलाच्या मामाला स्टँडवर चहा पाजला आणि हळूच सांगितलं, पोरीला फिट येते. लहानपणी दोनदा आली होती, पुढे कधीच नाही. हे मात्र मी पोटात ठेवलं. स्थळ मोडलं. मामा भला माणूस, त्याने कुठे वाच्यता केली नाही. दुसरं स्थळ मी शोधलंच नाही. बहिणीने अकरा वर्षं आईचं हागणं-मुतणं काढलं. आई गेली तोवर तिचे केस पिकले होते.

पास्टर सांगायचे, माफी कर्माने मिळत नाही, विश्वासाने मिळते. तुम्ही फक्त कबूल करा. एका रविवारी मी उठलो आणि सगळं सांगितलं, फिटसकट. रडलो. टाळ्या झाल्या, पास्टरने मिठी मारली. एकदाचं गंगेत घोडं न्हालं, असं मला वाटलं. इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं. आज त्या हलकेपणाची किळस येते. बायकांच्या बाजूला बघायचं मला सुचलंसुद्धा नाही.

घरी आलो तर ती भाकरी थापत होती.

“देवानं मला माफ केलं,” मी म्हणालो.

“केलं असंल. मला इचारलं व्हतं का त्यानं?” तिने भाकरी उलटली. “आन् दादा, आधी मला घरात सांगायचं की. समद्यांपुढं कशाला?”

तिला एकटीला सांगायला हिंमत लागली असती. माइकवर नुसता गळा लागतो.

दोन दिवसांनी मंडळीतल्या बायका घरी आल्या. वाईट त्यातली एकही नव्हती. त्यांनी तिला मधोमध बसवलं, डोक्यावर हात ठेवले आणि फिटच्या आत्म्याला निघून जायची आज्ञा केली. तीस वर्षांत जिला एकदाही फिट आली नाही, त्या बाईला! ती हलली नाही. मी दारात उभा होतो. त्यांना थांबवायचं सोडून मीही सवयीने ‘आमेन’ म्हणालो.

त्यानंतर ती शेडमध्ये आली नाही. आयुष्यात तिची स्वतःची म्हणावी अशी ती एकच जागा होती. तिथे ती गाणी धरायची, तिथे तिला कुणी लग्नाचं विचारत नव्हतं. तीही मीच घालवली.

पास्टरना सांगितलं, तर म्हणाले, “ब्रदर, शंका धरू नका. शंका म्हणजे अविश्वास.” म्हणजे मला जे बोचतंय तेही पापच.

मागच्या रविवारी प्रभुभोजन होतं, येशूच्या आठवणीत भाकरीचा तुकडा वाटतात ते. मी तिला म्हणालो, “तू जा. मी न्हाई जात इथून पुढं.”

ती ज्वारी निवडत होती. “तूच जा, दादा. मी डोळे मिटले की तुजंच तोंड दिसायलंय. तुला माफ केलं असं म्हणायला जाते, पण तोंडातून निघत न्हाई. जो दुसऱ्याला माफ करत न्हाई, त्याला देव माफ करत न्हाई, असं पास्टरच सांगतेत. मंग माजं कसं व्हणार?”

तिच्या आवाजात राग नव्हता, खरीखुरी भीती होती. मी शेडमध्ये गेलो, ताटलीतला तुकडा घेतला आणि गिळला. पाप मी केलं आणि माफीही मलाच मिळाली, यावर माझा विश्वास आहे. माझी बहीण मात्र घरात बसून नरकाला घाबरते आहे.