इस्त्रीसाहेबांची फरशी

पडदा वर जातो तेव्हा समोर एक रिकामी बाथरूम आहे. सहा फूट बाय पाच. भिंतींच्या वरच्या भागाला अजून रंग नाही, नळाच्या जागी नुसतं पाइपाचं तोंड आणि त्यात कागदाचा बोळा. झरोक्यातून सकाळचं ऊन तिरकं उतरतंय आणि नेमकं फरशीवर पडतंय, जणू कुणी प्रकाशयोजनाच केली आहे. फरशी पांढरी, नवीकोरी, सांधे दोरीने आखल्यासारखे. उजव्या कोपऱ्यात पाणी जायची जाळी. दाराशी पाण्याने काठोकाठ भरलेली बादली.

पात्रं दोन. एक अडतीस वर्षांचे गृहस्थ. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात थापी. ती त्यांनी दुसऱ्याचं तान्हं मूल धरावं तशी धरली आहे. आता रडतंय की काय अशी धास्ती. दुसरा पन्नाशीकडे झुकलेला, उंच, काटकुळा. तो एका कडेला उकिडवा बसून घमेल्याला चिकटलेला सिमेंट-वाळूचा माल खरवडतोय. दोघेही तिसऱ्या पात्राची, परीक्षकाची, वाट बघत आहेत.

तो येईपर्यंत या दोघांची ओळख करून घेऊ.

शर्टवाल्यांना सगळी गल्ली इस्त्रीसाहेब म्हणते. दूध आणायला गेले तरी शर्टाची घडी मोडलेली कुणी पाहिलेली नाही. विमा कंपनीच्या ऑफिसात सोळा वर्षं एकाच टेबलावर बसून त्यांनी लोकांच्या अपघातांचे कागद तपासले. उकिडवा बसलेला त्यांच्या बायकोचा थोरला भाऊ. फरशी बसवणारा मिस्त्री. भिंत सरळ आहे की नाही हे बघायला दोरीला वजन बांधून सोडतात, त्याला ओळंबा म्हणतात, आणि याचंही नाव तेच पडलं. हा शेजारी उभा राहिला की भिंतीनेच लाजून सरळ व्हावं.

ओळंबा बहिणीच्या नवऱ्याला कायम ‘जावईबापू’ म्हणायचा. घरी आले की स्वतःला बसायला पाट नसला तरी त्यांना खुर्ची पुसून द्यायचा. आणि जावईबापू ऑफिसातल्या मंडळींपुढे त्याची ओळख करून देताना म्हणायचे, ‘आमचे मेहुणे, बांधकाम व्यवसायात असतात.’ व्यवसाय हा शब्द ते जरा लांबवायचे, म्हणजे त्यात सिमेंटचं पोतं दिसू नये.

मग ऑफिसात टेबलं कमी व्हायला लागली. शेजारचं गेलं, समोरचं गेलं. इस्त्रीसाहेबांनी परदेशी जायचं मनावर घेतलं आणि परदेशी पाठवणाऱ्या एका सल्लागारबाईंपुढे जाऊन बसले. बाईंनी त्यांचे कागद चाळले.

“तुमच्यासारखी टेबलावरची माणसं तिकडे पोत्याने पडली आहेत,” बाई म्हणाल्या. “हात चालतात का?”

“टायपिंग येतं.”

“ते नाही हो. हात.”

बाईंनी एक यादी पुढे सरकवली. तिकडे ज्या कामांना माणसं मिळत नाहीत ती कामं. वेल्डिंग, सुतारकाम, नळकाम, फरशी. एक वर्षाचा कोर्स, शेवटी परीक्षा, प्रमाणपत्र, मग अर्ज. साहेबांचं बोट यादीवरून फिरलं आणि फरशीवर थांबलं. मनात म्हणाले, त्यात काय अक्कल लागते, एकापुढे एक ठेवत जायचं. आणि अडलंच तर घरातला माणूस आहे.

ही बातमी ऐकून ओळंबा आधी खूश झाला, मग थोडा घुटमळला. “माझंच काम त्या यादीत आहे म्हणता. मग मला घेतील का हो?”

साहेबांनी अटी वाचून दाखवल्या. दहावी पास. भाषेची परीक्षा. वय पंचेचाळीसच्या आत. ओळंबा सातवीतून बाहेर पडलेला.

“म्हणजे काम हवंय, माणूस नकोय,” ओळंबा हसून म्हणाला, आणि विषय संपला.

वर्षभर इस्त्रीसाहेब सकाळी इस्त्रीच्या शर्टात बाहेर पडत, कोर्सच्या जागी जाऊन शर्ट बदलत, दोन तास गुडघे टेकत आणि पुन्हा शर्ट चढवून ऑफिस गाठत. गल्लीत सांगितलं होतं, मॅनेजमेंटचा कोर्स आहे. नखांतलं सिमेंट ते ऑफिसच्या टॉयलेटमध्ये जुन्या टूथब्रशने घासून काढायचे. शिकवणारे मास्तर त्यांच्या फरशीवर एकदा दोन पावलं चालले आणि म्हणाले, “तुमची फरशी बोलते हो. पाय ठेवला की कटकट करते, अगदी घरच्यासारखी.” वर्गातली पोरं आठवडाभर हसत होती.

परीक्षेसाठी प्रत्येकाने खऱ्या इमारतीत एक बाथरूम करायची होती. ओळंबाने आपल्या कामावरची एक मिळवून दिली. पहिल्या दिवशी साहेबांनी पहिली रांग बसवली. ती दारापासून निघाली आणि भिंतीपर्यंत पोचेस्तोवर चांगली बोटभर भरकटली. ओळंबाने बराच वेळ कळ काढली, मग म्हणाला, “जावईबापू, सरका जरा.” ते सरकले. ते आठ दिवस सरकलेलेच राहिले, फार तर माल कालवून द्यायचे. रोज संध्याकाळी शर्टाला थोडी धूळ लावून थापीसह फोटो मात्र काढून घ्यायचे, कारण परीक्षेच्या कागदांना फोटो जोडायचे होते.

तर, आता परीक्षक येतो आहे.

बुटका माणूस, चष्मा कपाळावर, हातात एक नाणं. गुडघ्यावर बसून त्याने नाण्याने एकेक फरशी वाजवून पाहिली. खाली माल नीट भरला नसेल तर फरशी बद्द वाजते. इथे एकही बद्द नव्हती. मग त्याने बादली उचलली आणि सगळं पाणी एकदम ओतलं. पाणी भिंतीपर्यंत पसरलं, क्षणभर थबकलं, आणि सगळीकडून वळून जाळीकडे धावलं. फरशी नुसती ओलसर चमकत राहिली. कुठे थेंबाचं तळं नाही.

“वा,” परीक्षक म्हणाला. “असा उतार जुन्या मिस्त्रींच्या हाताला असतो. तुम्ही केलंत?”

“हो, मीच.”

“आणि हे कोण?” त्याने ओळंबाकडे मान वळवली.

इथे इस्त्रीसाहेबांना काहीही म्हणता आलं असतं. मेहुणे आहेत, म्हणता आलं असतं. बघायला आलेत, म्हणता आलं असतं. पण तोंडाने परस्पर उत्तर दिलं.

“तो होय? माल कालवायला. रोजंदारीवर घेतलाय.”

घमेलं खरवडण्याचा आवाज थांबला. परीक्षक ओळंबाला म्हणाला, “शिकून घे साहेबांकडून. हाताखाली आहेस तोवर.”

“हो साहेब,” ओळंबा म्हणाला. “शिकतोय.” आणि रिकामी बादली उचलून बाहेर गेला.

घरी बायकोने विचारलं, “दादाला का नाही आणलंत जेवायला?”

“त्याला काम होतं.”

ते काही खोटं नव्हतं. त्याला नेहमीच काम असायचं. पण अर्धं ताट तसंच सरकवून ते उठले. आठवड्याने प्रमाणपत्र आलं. ते त्यांनी कपाटात बायकोच्या कपड्यांखाली सरकवून ठेवलं. अर्ज महिनाअखेरीपर्यंत भरायचा होता. सल्लागारबाईंचा दोनदा फोन आला; साहेब दोन्ही वेळा म्हणाले, उद्या येतो. शर्ट मात्र रोज इस्त्री होत होता. आरशात बघताना ते कॉलरपर्यंत बघत, त्याच्यावर नाही.

रविवारी सकाळी दाराची बेल वाजली. दारात ओळंबा, खांद्यावर अवजारांचं पोतं. साहेबांना वाटलं, आला जाब विचारायला. त्यांनी आठवडाभर मनात घोकलेलं भाषण जुळवायला घेतलं.

“जावईबापू, सगळ्यांच्या आंघोळी आटपल्या का?”

“हो, आटपल्या.”

“बरं झालं.”

तो सरळ त्यांच्या बाथरूममध्ये गेला. छिन्नी टेकवली आणि हातोडी घातली. पहिल्याच घावात मधली फरशी उडाली. बायको स्वयंपाकघरातून धावत आली.

“दादा, वेड लागलं का तुला? काय करतोयस?”

“तुझ्या नवऱ्याला परदेशी पाठवतोय,” ओळंबा म्हणाला आणि दुसरी उडवली. मग साहेबांकडे वळून, अगदी मऊ आवाजात, “तिकडचं पाणीही उताराकडेच जात असेल ना? आणि मधेच साचून राहिलं तर तिथे हाक कुणाला माराल? बसवा आता. माल कालवायला मी आहे.”

त्याच्या बोलण्यात टोमणा शोधायचा साहेबांनी फार प्रयत्न केला. सापडला असता तर बरं वाटलं असतं.

पुढचे तीन आठवडे त्या घराने टॉवेल खांद्यावर टाकून खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे आंघोळ केली. गल्लीला सगळं कळलं. जिन्यात भेटणारे निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले, “काय साहेब, मॅनेजमेंटचं प्रॅक्टिकल चाललंय का?” साहेब खाली मान घालून वाळूची बादली वर नेत. शर्टाची घडी पहिल्याच दिवशी गेली, तिसऱ्या दिवशी शर्टच गेला. साधा बनियन राहिला.

पहिल्या खेपेला पाणी जाळीकडे पाठ फिरवून थेट दारातून बाहेर आलं आणि बैठकीच्या खोलीत शिरलं. ओळंबाने छिन्नी घेतली. दुसऱ्या खेपेला मधोमध तळं झालं. मुलगी म्हणाली, “बाबा, यात होडी सोडू?” आणि साहेबांनी स्वतःच छिन्नी हातात घेतली. ओळंबा कामावरून सुटला की येई, माल कालवून देई, दोरी कशी ताणायची, फरशीला रबरी हातोडीने कुठे थोपटायचं आणि कुठे तिला तिच्या मनासारखं बसू द्यायचं ते सांगे. परीक्षेबद्दल, त्या सकाळबद्दल चकार शब्द नाही.

एकदा साहेबांना राहवलं नाही. थापी खाली ठेवून म्हणाले, “दादा, त्या दिवशी मी जे बोललो...”

“माल सुकतोय, जावईबापू,” ओळंबा म्हणाला.

मग त्यांनी ते बायकोला सांगितलं. उघड्या सिमेंटच्या कडेला स्टुलावर बसून, सगळं, शब्दाला शब्द. ती चहाचा कप घेऊन उभी होती.

“आणि दादा काय म्हणाला?”

“शिकतोय म्हणाला.”

तिने कप जमिनीवर ठेवला. भावाचं घमेलं उचलून भिंतीशी नीट लावलं. “ते सर्टिफिकेट माझ्या कपड्यांत ठेवलंय तुम्ही,” ती म्हणाली. “तिथून काढा. दुसरीकडे कुठेही ठेवा.”

घरात दुसरीकडे कुठे जागा नव्हती असं नाही. पण ते हातात घेऊन साहेब खोल्याखोल्यांतून फिरले आणि त्यांना एकही जागा पटली नाही.

तिसऱ्या खेपेची फरशी महिना संपायला चार दिवस असताना झाली. ओळंबाने बादली ओतली. पाणी पसरलं, रेंगाळलं, आणि जरा आळशीपणाने का होईना, जाळीकडे निघालं. डाव्या कोपऱ्यात तळहाताएवढं पाणी तेवढं बसून राहिलं. ओळंबाने ते बोटाने ढकलून पाहिलं. ते पुन्हा तिथेच आलं.

“फोडू?” साहेबांनी विचारलं.

ओळंबाने पोतं खांद्यावर टाकलं. “दोन दिवस पाय ठेवू नका,” एवढं म्हणून तो जिना उतरला.

दोन दिवसांनी इस्त्रीसाहेब परीक्षकाच्या टेबलापुढे उभे होते. अंगात शर्ट होता, पण इस्त्री नव्हती. बायकोने विचारलं होतं, ते नको म्हणाले. त्यांनी पाकीट टेबलावर ठेवलं. परीक्षकाने प्रमाणपत्र बाहेर काढून पाहिलं, पुन्हा त्यांच्याकडे पाहिलं.

“यात काही चूक झाली आहे का? नाव वगैरे?”

“नाव बरोबर आहे.”

“मग? परवा शेवटची तारीख आहे ना तुमची? हे परत घेतलं तर मला रद्द करावं लागेल. पुढची परीक्षा थेट पुढच्या वर्षी. आणि ती द्यायला तुम्हाला बसू देतील की नाही, तेही मी सांगू शकत नाही. समजतंय ना?”

“समजतंय.”

परीक्षकाने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि वाट पाहू लागला. साहेबांचे हात टेबलाच्या कडेवर होते. बोटांच्या पेरांना भेगा पडल्या होत्या, नखांच्या कडा पांढऱ्या झाल्या होत्या. ते हात त्यांनी खिशात लपवले नाहीत. कान मात्र लाल झाले होते. 

“साहेब, ती फरशी माझ्या थोरल्या मेहुण्यांनी बसवली. रोजंदारीचे म्हणालो ते तेच. मी नुसता माल कालवला होता, आणि तोही पातळ. माझी फरशी घरी आहे. डाव्या कोपऱ्यात थोडं पाणी राहतं. बघायला येता का?”