खटका वर करण्याआधी

"मशीन ओके आहे ना? मग 'कस्टमर मिस्टेक' टाक आणि विषय संपव," देसाई सर म्हणाले.

मशीन ओके होती, हाच तर प्रॉब्लेम होता. चार इंची अँगल ग्राइंडर. मी तो पूर्ण उघडला होता. आर्मेचर, कार्बन ब्रश, वायर, स्विच. कुठे शॉर्ट नाही, कुठे काही सैल नाही. आणि तक्रार अशी, की मशीन आपोआप सुरू झाली आणि कस्टमरचा अंगठा फाडून गेली.

मुलुंडच्या आमच्या सर्व्हिस सेंटरमध्ये सगळे खिदळत होते. "भूत आहे गं आत, लिंबू-मिरची बांधून परत दे!"

मला हसू येत नव्हतं. अँगल ग्राइंडर म्हणजे हातात धरायची मोटर आणि तिच्या तोंडाशी बसवलेली चकती. ती मिनिटाला दहा हजारांच्या वर फेरे घेते. लोखंड कापते. अंगठ्याचं तिला काय!

"सर, माणूस खोटं कशाला बोलेल?"

"नवी मशीन मिळेल म्हणून. अजून काय?"

मी ग्राइंडर पिशवीत घातला आणि भांडुपला गेले. कुणी पाठवलं नव्हतं. पण टेबलावर बसवतही नव्हतं.

तक्रार करणारे परब काका निवृत्त ड्रायव्हर. तिसऱ्या मजल्यावरचं घर. गॅलरीच्या ग्रिलमध्ये त्यांचं वर्कशॉप: एक फळी, लोखंड पकडायचा एक व्हाइस, भिंतीला टांगलेली पाती. ते आडाळ्या बनवतात. आडाळी म्हणजे कोकणातली विळी, पुढे नारळ खवायचं दातेरी टोक असलेली. अर्ध्यावर सोडलेल्या तीन आडाळ्या कोपऱ्यात पडल्या होत्या. काकांचा डावा हात बँडेजमध्ये होता.

"बटनाक हात लावूक नाय गो मी!" दारातच त्यांनी सुरुवात केली. "आपसून सुटली!"

खिळ्याला ग्राइंडरचा गार्ड लटकत होता. चकती फुटली तर तुकडा आपल्या अंगावर न येता ज्याच्यावर आपटतो, ते हे अर्धगोल पत्र्याचं कव्हर.

"हा काढला कशाला?"

"मधी येता."

"आणि गॉगल?"

"ह्यो चष्मो काय मग?" त्यांनी वाचायचा चष्मा दाखवला.

माझं डोकं सटकलं. पण अंगठा फाटला तो ना गार्ड नसल्यामुळे, ना चष्म्यामुळे. काकू बाहेर आल्या. "ता मशीन तूच घेवन जा बाय. नायतर उद्या मी भंगारवाल्याक देतंय." काकांनी तोंड फिरवलं. निवृत्तीनंतर त्या गॅलरीशिवाय या माणसाकडे दुसरं काय होतं?

"काका, नेमकं काय झालं ते सांगा."

पातं तासताना मशीन मध्येच बंद पडली. चकती अडकली असेल असं त्यांना वाटलं. बदलायला म्हणून त्यांनी चकती डाव्या हातात धरली, उजव्या हाताने नटाला पाना लावला. तेवढ्यात ती सुटली.

"प्लग काढला होता?"

"बंद पडली होती ना? मग कित्याक काढू?"

"बटण मागे केलं होतं?"

काकांनी पिशवीतल्या ग्राइंडरचं बटण उजव्या हाताने चाचपलं.

स्वस्त ग्राइंडरचं बटण पुढे सरकवलं की तिथेच अडकून राहतं. हात दुखू नये म्हणून. करंट गेला तरी ते पुढेच असतं. मशीन मेल्यासारखी दिसते, पण ती फक्त करंटची वाट बघत असते.

"त्या दिवशी लाइट गेली होती?"

"नाय," काकू म्हणाल्या.

"लाइट नव्हती गेली, ताई," स्वयंपाकघरातून त्यांची सून स्वाती म्हणाली. "फक्त शेगडी बंद पडली. खटका पडला होता. मी वर केला."

मी गॅलरीतली वायर कुठून येते ते बघितलं. गॅलरीतलं सॉकेट स्वयंपाकघराच्या लाइनवर होतं. इंडक्शन शेगडी आणि ग्राइंडर एकदम चालले, लोड वाढला, दारामागच्या बोर्डावरचा एमसीबी, म्हणजे खटका, पडला. स्वातीने तो वर केला आणि गॅलरीत काकांच्या हातात चकती फिरली.

आता हे बोलायचं कसं? बोलले तर सगळा दोष स्वातीवर. नाही बोलले तर सर जिंकले आणि काका खोटे. दोन मिनिटं मी उगाच वायर तपासत बसले. कारखान्यात काय, घरात काय, आपण नेहमी जवळच्या माणसाला पकडतो. जिने हे बटण असं बनवून विकलं ती कंपनी कधीच खोलीत नसते.

मी चकती काढली. ग्राइंडर व्हाइसमध्ये पक्का आवळला, प्लग लावला. मग दारामागे जाऊन खटका पाडला, परत येऊन बटण पुढे सरकवलं.

"काका, बोर्डाकडे जा. खटका तुम्ही वर करा."

गॅलरी तिथून दिसत नाही. काकांनी उजव्या हाताने खटका वर केला आणि ग्राइंडर किंचाळला. काका जागच्या जागी उडाले.

मी प्लग खेचला. काकू सुनेकडे वळल्या. "म्हणजे त्या दिवशी तू..."

स्वाती भिंतीला टेकून उभी होती. "मी फक्त भात लावला होता, आई."

"गप ऱ्हव गो!" काका बायकोवर ओरडले. "आता मी वर केलंय मा? माका खय दिसत होता हयसून?"

मी गार्ड परत बसवला. चकती बदलायचा पाना वीतभर सुतळीने प्लगच्या मुंडीला बांधला. आता प्लग सॉकेटमधून काढल्याशिवाय पाना चकतीपर्यंत पोचतच नाही. काकांनी दोनदा ओढून बघितलं. "वाकडा काम केलंस," ते म्हणाले, पण सुतळी सोडली नाही.

दुसऱ्या दिवशी सरांना सगळं सांगितलं. करंट परत आला तरी आपोआप सुरू न होणाऱ्या मशीन आपल्याच शोकेसमध्ये आहेत. बोटं सुटली की बंद होणाऱ्याही आहेत. मग घरात वापरणाऱ्याला आपण ही का विकतो?

"तो डिफेक्ट नाही, डिझाइन आहे," सर म्हणाले.

"परब काकांच्या अंगठ्याला फरक कळला नाही, सर."

क्लेम नामंजूर झाला. कारण: कस्टमर मिस्टेक. मी भांडले, हरले. पण तेव्हापासून घरासाठी ग्राइंडर घेणाऱ्या प्रत्येकासमोर मी काउंटरवर चकती काढून हाच खेळ करून दाखवते. सरांना आवडत नाही. काही जण ऐकून महागडी मशीन घेतात, तेव्हा सर गप्प बसतात.

मध्यंतरी भांडुपला गेले होते. जिन्यातच आवाज ऐकू आला.

"पप्पा, खटका पडलाय! बटण मागे?"

"मागे!"

"प्लग?"

"हातात आसा गो!"

मगच खटका वर गेला. कंपनीने जे मशीनमध्ये घातलं नाही, ते परबांच्या घरात स्वाती ओरडून घालते.