मिलिंदची पाठदुखी

दीड महिन्यापूर्वी एका मंगळवारी आम्ही तिघं बिबवेवाडीहून रिक्षाने हॉस्पिटलला निघालो... माझा धाकटा भाऊ मिलिंद, त्याची बायको सुनीता आणि मी. प्रत्येक स्पीड ब्रेकरला मिलिंद डोळे घट्ट मिटून घेत होता.

मिलिंद हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टर. गेल्या वर्षी त्याच्या मेंदूत ट्यूमर निघाला... ग्लायोब्लास्टोमा, फार वेगाने वाढणारा. ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं. तेव्हापासून त्याला शब्द सापडायला वेळ लागतो. कळतं सगळं, पण साधं 'पाणी' म्हणायलाही कधी कधी मिनिट जातं.

आणि मी पंचवीस वर्षं व्यासपीठावर. विहारात, कॉलेजात, मोर्चात... ज्यांना कुणी बोलू देत नाही त्यांच्या वतीने तावातावाने बोलणारी. घरातही रीत तीच. बँक असो, सोसायटी असो, दवाखाना असो, ताईला पुढे करायचं.

त्या मंगळवारच्या आधी दोन महिने तो पाठ दुखते म्हणत होता. मी या आजारावर मिळेल ते वाचून काढलं होतं. सगळीकडे एकच... हा ट्यूमर मेंदूतच परत येतो, मेंदूबाहेर सहसा जात नाही. त्यातला 'सहसा' मी वाचला आणि सोडून दिला.

त्याला ऐकवलं, पडून पडून दुखतंय, जरा चालत जा. आधीच्या तपासणीत डॉक्टरांनाही मीच सांगून टाकलं, पाठीचं काही विशेष नाही. "ताई, ते अंघोळीला बसताना रडतात हो," सुनीता म्हणाली होती. तिला मी धीर धरण्यावर भाषण दिलं...

त्या मंगळवारी केबिनमध्ये मी नेहमीसारखी सुरुवात केली. मिलिंदने माझ्या हातावर हात ठेवला.

"ताई, आज... मी बोलतो."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. पुढचा शब्द येईना. मला तीनदा वाटलं, आपण पुरवावा... ओठ दाबून बसले.

"आडवं झालं की... जास्त," तो म्हणाला. "आत. हाडात."

डॉक्टर उठले आणि त्याच्या कण्यावर बोटाने हलकेच ठोकत खाली आले. एका मणक्यावर तो कळवळला. लगेच एमआरआय, मग बायोप्सी. मणक्यातून काढलेल्या तुकड्यात मेंदूतल्याच ट्यूमरच्या पेशी निघाल्या.

डॉक्टर म्हणाले, "हे इतकं क्वचित होतं की मी आजवर फक्त वाचलं होतं." "मागच्या वेळी मी पेशंटलाच विचारायला हवं होतं," हेही म्हणाले. मी मान खाली घातली. विचारायला मी जागा ठेवली होती कुठे?

हा आजार बरा होणारा नाही, आम्हाला माहीत आहे. पण मणक्याला रेडिएशन दिल्यावर दुखणं उतरलं. परवा मिलिंद टेबलाशी बसून अख्खं जेवला, वर आमटी पातळ झालीय म्हणून तोंडही वाकडं केलं... सुनीताला कोण आनंद.

काल डॉक्टरांनी विचारलं, नाव न घालता ही केस इतर डॉक्टरांसाठी लिहू का? सुनीताने सवयीने माझ्याकडे पाहिलं. मी मिलिंदकडे.

"लिहा," तो म्हणाला. मग बराच वेळ थांबला. आम्हीही थांबलो. "पण हेही लिहा... पेशंट आधीपासून... सांगत होता."

बाहेर आल्यावर मी त्याची माफी मागितली. दोन वाक्यांत. "छोटं... झालं भाषण," म्हणाला, आणि हसला.

त्याला विचारूनच हे लिहितेय. ज्यांच्या घरी असा पेशंट आहे त्यांना एवढंच सांगते... पुस्तकात क्वचित लिहिलंय म्हणून माणसाचं दुखणं खोटं ठरत नाही. त्याला बोलायला लागेल तेवढा वेळ द्या. मी तो द्यायला दोन महिने उशीर केला, आणि आमच्याकडे महिने फार नाहीत.