उजव्या दाराची काच

आमच्या गाडीबद्दल कुणी विचारलं की बाबा अजूनही सांगतात, "मुलाची गाडी. तो पुण्याला असतो ना, म्हणून इथे ठेवलीय." पुण्याच्या माझ्या दादाने ती गाडी शेवटची कधी धुतली ते त्यालाही आठवणार नाही. गेली नऊ वर्षं ती मी चालवते. तेलपाणी मी बघते, दाराखालचा गंज खरवडून रंग मी लावते, आणि पावसाळ्यात सकाळी ती चालू होत नाही तेव्हा बॉनेट उघडून ओल्या वायरी फडक्याने मीच पुसते. पण गाडी मुलाची.

गाडी घेतली तेव्हा मी सातवीत होते. बाबांनी दादाला तिच्यावर शिकवलं, संध्याकाळी भाट्याच्या रस्त्यावर नेऊन. मी मागच्या सीटवर बसून दोघांच्या माना बघत असे. मला कधी कुणी विचारलं नाही आणि मीही मागितलं नाही. पुढे आई गेली, दादा पुण्यात स्थिरावला, बाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हणून सांगितलं. तेव्हा मी चौतिसाव्या वर्षी क्लास लावून शिकले. लग्न केलं नव्हतं, त्यामुळे घरी बाबा आणि मी दोघंच. आम्ही रत्नागिरीजवळ कुवारबावला राहतो. मी गावातल्या एका कॉलेजच्या ऑफिसात आहे. रोज सकाळी मी बाबांना वाचनालयाशी सोडते आणि पुढे कामावर जाते. दुपारी ते रिक्षाने घरी येतात.

हे मॉडेल कंपनीने बंद करून आता जमाना झाला. काही मोडलं की नवीन मिळत नाही, शोधावं लागतं. आणि शोधायची वेळ आली की बाबांचं एकच, "दादाला फोन कर. तो काढेल कुठून तरी." दादाने आजवर एकदाही काही काढलं नव्हतं. तरी पुढच्या वेळी पुन्हा तेच.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलात माझ्या बाजूच्या, म्हणजे उजव्या दाराची काच वर-खाली करायचं मशीन गेलं. हँडल नुसतं फिरायचं आणि काच धपकन दारात पडायची. आमच्या मिस्त्रींनी आतला पुठ्ठा काढून दाखवलं. खाऱ्या हवेने मशीनचे दाते खाऊन टाकले होते. हे मिस्त्री बाबांच्या वेळेपासून गाडी बघतात, खोटं सांगायचे नाहीत. म्हणाले, "ताई, ह्याला वेल्डिंग चालायचं नाही. दुसरं बघा." तोवर त्यांनी काचेखाली लाकडाची एक पाचर ठोकून दिली. चिऱ्यांच्या ट्रकमागून खड्ड्यांतून गेलं की ती पाचर सुटायची.

मी रत्नागिरीतली सगळी स्पेअरची दुकानं फिरले. दुकानदार गाडीचं नाव ऐकून हसायचे. जूनपर्यंत काही मिळालं नाही, आणि मग रोज माझा उजवा हात खांद्यापर्यंत भिजायला लागला. मी पिशवीत कोरडा टॉवेल ठेवायची. बाबा डाव्या सीटवर सरळ समोर बघत बसलेले असायचे. एकदाही म्हणाले नाहीत की भिजतेस. वाचनालय आलं की उतरून म्हणायचे, "दादाला सांगितलं पाहिजे एकदा."

त्या एका वाक्याने माझा इतका जळफळाट व्हायचा की मी रस्ताभर मनात दादाशी भांडत असे. त्याच्या नव्या गाडीची काच बटण दाबल्यावर वर जात होती.

जुलैत एका रविवारी मी सावर्ड्याला गेले. तिथे हायवेला एक भंगारवाला जुन्या गाड्या तोडतो असं मिस्त्रींनी सांगितलं होतं. त्याच्याकडे आमचं मॉडेल नव्हतं, पण तो म्हणाला, "दापोलीजवळ मुरुडला एक उभी आहे. मी मागितली होती, म्हातारी देत नाही. तुम्ही बाईमाणूस आहात, बघा विचारून." त्याने नंबर दिला. मी फोन केला. पलीकडून एक बारीक आवाज आला, "अख्खी गाडी द्यायची नाही हो मला. पण एवढंसं काय ते हवं असेल तर येऊन काढून न्या. काढायला माणूस मात्र तुमचा."

माणूस म्हणजे मीच, असं मी ठरवलं. मिस्त्रींना मी ते दार उघडताना तीनदा पाहिलं होतं. त्यांच्याकडून दहाचा पाना आणि स्क्रू ड्रायव्हर मागून घेतला. बाबांना सांगायचं नव्हतं. मशीन आणून एकदम त्यांच्यासमोर ठेवायचं आणि त्यांचा चेहरा बघायचा, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. म्हणून खोटं सांगितलं, की ऑफिसातल्या मैत्रिणीच्या मुलीचं दापोलीला लग्न आहे. आषाढात कसलं लग्न, हेही त्यांना सुचलं नाही. लग्न म्हटल्यावर साडी आलीच. पडक्या काचेने पावसात एवढ्या लांब गाडी न्यायची नव्हती, म्हणून पुढच्या रविवारी जांभळ्या रेशमी साडीत, पर्समध्ये पाना घेऊन, मी पहाटेच्या एस्टीने निघाले.

मुरुडला सुपारीच्या बागेत पत्र्याखाली ती गाडी होती. रंग आमच्यासारखाच पांढरा, चारही टायर बसलेले, आत नारळ सोलून उरलेल्या सोडणांची पोती. फोनवरच्या काकू ऐंशीच्या पुढच्या. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, "अगो, एकटीच आलीस? आणि ही साडी?"

मी खरं ते सांगितलं. बाबांना सांगितलेलं खोटंही सांगितलं. त्या हसल्या नाहीत. पदर खोचून म्हणाल्या, "चल, मी काय करू सांग."

हँडलचा स्क्रू गंजून एकजीव झाला होता. खोबरेल सोडून, ठोकून, अर्ध्या तासाने तो हलला. पुठ्ठा निघाला. आता चार नट काढायचे होते, पण ते सुटले की काच खाली कोसळते. ती वर धरायला कुणीतरी लागतं. काकूंनी दोन्ही तळवे काचेला लावले आणि दम रोखून उभ्या राहिल्या. "ह्यांनी मला कधी पुढे बसून दाराला हातसुद्धा जोरात लावू दिला नाही," त्या म्हणाल्या. "सावकाश लाव, सावकाश लाव, हेच." मी जमिनीवर बसून दारात हात घातला होता आणि कोपरापर्यंत काळी झाले होते. शेवटचा नट सुटला आणि मशीन माझ्या हातात आलं. दाते सगळे शाबूत. मला रडूच आलं. काकूंनी पैसे घेतले नाहीत. तांदळाची भाकरी आणि कुळथाची पिठी वाढली, आणि निघताना मशीन जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून दिलं.

संध्याकाळी सातच्या सुमारास मी घरी पोचले. फाटकातून आत येते तर बाबा गाडीपाशी उभे. मला बघताच म्हणाले, "ये, ये. हे बघ." त्यांनी दार उघडून हँडल फिरवलं. काच सरसर वर गेली. खाली आली. पुन्हा वर गेली.

"दादाने पाठवलं," बाबा म्हणाले. "कोरं. पुण्यात कुणीतरी बनवून देतो म्हणे अजून. सकाळच्या ट्रॅव्हल्सने पार्सल आलं, मी रिक्षाने जाऊन घेऊन आलो. मिस्त्रींना बोलावून लगेच बसवलं. मी म्हणत नव्हतो? तो काढेल कुठून तरी."

मी हातातली पिशवी तशीच धरून उभी होते. साडीवर ग्रीसचे काळे पट्टे होते. त्यांना दिसले नाहीत. म्हणाले, "कसं झालं लग्न?"

"चांगलं झालं," मी म्हटलं आणि आत जाऊन लुगड्यात गुंडाळलेलं मशीन कपाटात साड्यांच्या मागे ठेवून दिलं.

त्यानंतरचे पंधरा दिवस मला आठवायला आवडत नाहीत. येईल त्याला बाबा ती काच दाखवायचे. शेजारच्यांना, वाचनालयातल्या त्यांच्या मित्रांना, एकदा तर गॅसचा सिलेंडर घेऊन आलेल्या माणसालाही. मी कोरड्या हाताने गाडी चालवत होते आणि दर वेळी हँडलला हात लागला की मला दादा दिसायचा. त्याला काय, फोन फिरवला आणि पैसे टाकले. मी सात वर्षांत बसवलेल्या एकाही वस्तूबद्दल बाबांनी कुणाला असं सांगितलं नव्हतं.

एके दिवशी बाबांना सोडून मी कॉलेजच्या आवारात गाडी लावली. काच पूर्ण वर गेली होती. मी हँडल तरीही फिरवलं. अडलं. मी दोन्ही हातांनी धरून सगळा जोर लावला. आत कट् असा आवाज झाला, पुन्हा लावला, पुन्हा झाला, आणि काच दारात पडली.  खरं सांगायचं तर पहिल्यांदा बरं वाटलं.

घरी सांगितलं, "मोडलं ते." मला वाटलं होतं, बाबा म्हणतील, नवीन माल असलाच. ते म्हणाले, "दादाला कळवू नकोस. एवढं शोधून पाठवलं त्याने. वाईट वाटेल."

दुसऱ्या दिवशी मी मुरुडचं मशीन मिस्त्रींकडे नेलं. त्यांनी मोडलेले दाते अंगठ्याने चाचपले. "ताई, हे आपसूक नाही गेलं," एवढंच म्हणाले. मी मुरुडचं पुढे केलं. त्यांनी ते बसवून दिलं. बाबांची समजूत झाली की मिस्त्रींनी दादाचंच दुरुस्त केलं, आणि त्यांचं दाखवणं पुन्हा सुरू झालं.

गणपतीला दादा आला. चहा व्हायच्या आत बाबांनी गाडीची किल्ली त्याच्या हातात ठेवली. गणपतीच्या वर बांधायच्या माटवीचं सामान आणायचं होतं, आम्ही दोघं बाजारात निघालो. तो चालवत होता, मी डावीकडे. त्याने काच वर-खाली करून पाहिली.

"सुटलो बाई एकदाचा," तो म्हणाला. "काय डोकं खाल्लं बाबांनी ह्याच्यासाठी! दोन महिने रोज दुपारी फोन. मीटिंगमध्ये असलो तरी फोन."

"गाडीवर जीव आहे त्यांचा," मी म्हटलं.

"गाडीवर कुठला? 'तिची उजवी बाही भिजते. दिवसभर ऑफिसात ओल्या बाहीने बसते. मला बघवत नाही.' रोज तेच. शेवटी मी सुट्टी काढून दोन दिवस पेठा पालथ्या घातल्या."

मी खिडकीबाहेर बघत राहिले. डोळे भरून आले होते, पण त्याच वेळी तोच जुना जळफळाटही झाला. मला बघवत नाही, हे शब्द दादाला रोज ऐकायला मिळाले होते. मी त्यांच्या शेजारी हातभर अंतरावर बसत होते आणि मला एकदाही नाही.

मारुती आळीच्या तोंडाशी त्याने गाडी लावली तेव्हा मी त्याला सांगून टाकलं. मुरुड, साडी, काकू, आणि मग कॉलेजच्या आवारात मी काय केलं तेही. त्याने इंजिन बंद केलं. तो चिडला असता तर मला सोपं गेलं असतं. तो म्हणाला, "रेशमी साडी नेसून पाना मारलास?" आणि हसायला लागला. मग हसणं थांबवून म्हणाला, "मोडल्याचं बाबांना सांगू नकोस. राहू दे आपल्यात." त्या वेळीही तोच चांगला ठरला, आणि मी माटवीला लटकवायची कांगण्यांची फळं निवडताना त्याच्याशी धड बोलले नाही.

तो परत गेल्यावर चार दिवसांनी, सकाळी वाचनालयाशी बाबा उतरायला लागले तसं मी म्हटलं, "थांबा, बसा जरा. हे मशीन दादाचं नाही. मुरुडहून मी आणलंय. त्या लग्नाच्या रविवारी. मी स्वतः काढलं. आणि दादाचं होतं ते मोडलं नाही, मी मोडलं. रागाने."

बाबांनी दार उघडलं होतं ते पुन्हा लावून घेतलं.  मला वाटलं, आता रागाचं कारण विचारतील. मी उत्तर जुळवत होते.

"म्हणजे लग्न नव्हतंच?" ते म्हणाले.

"नव्हतं."

"मग जेवलीस कुठे?"

मी सांगितलं, भाकरी आणि पिठी. त्यांनी मान हलवली. मग विचारलं की काकूंची गाडी कुठल्या रंगाची, मागचे दिवे शाबूत आहेत का, इंजिन फिरतं का. मोडलेल्या मशीनबद्दल त्यांनी त्या दिवशी एक शब्द काढला नाही, पुढेही नाही. उतरताना म्हणाले, "मला नेलं असतंस तर मी धरली असती काच."

त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होते. बाहेर बाबा फोनवर होते, दादाशी. ऐकू कमी येतं म्हणून मोठ्याने बोलतात. "अरे, मिस्त्री नाही, कुणी नाही. हिने एकटीने काढलं! चार नट. गंजलेले. तुला जमलं असतं का, सांग!" मी ताट खाली ठेवलं आणि दाराआड उभी राहून सगळं ऐकलं. ते पाच-सहा मिनिटं माझ्याबद्दलच बोलत होते. मग फोन ठेवून आत आले आणि मला म्हणाले, "आमटी आज जरा पातळ कर."